घरातलं माणूस गेल्यावर पॅलिएटिव्ह केअरमध्ये व्हॉलंटियर होताना

घरातलं माणूस कॅन्सरने गेलं आणि आता पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजाराच्या पेशंटचा त्रास कमी करायच्या आणि घरच्यांना आधार द्यायच्या कामात आपणही मदत करावी असं वाटतंय, पण कोणी घेईल का, आपल्याला झेपेल का, नेमकं करायचं काय असतं, असं मला नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणींनी विचारलंय. फोनवर थोडं थोडं सांगते पण पूर्ण कधीच सांगून होत नाही, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतेय. मी पुण्यात राहते, एका शाळेत क्लार्क आहे. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपला होते. तोंडाचा कॅन्सर झाला, तंबाखू होतीच, ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, मधे चांगले बरे होते, ड्युटीवरही जायला लागले आणि मग गळ्याला परत गाठ आली.

तेव्हा ज्या हॉस्पिटलात होतो तिथे आम्हाला एका वाक्यात सांगितलं गेलं, आता घरी न्या, करण्यासारखं काही राहिलं नाही. घरी आणलं आणि पहिली रात्र हे भिंतीला डोकं टेकून बसून होते, आडवं होता येत नव्हतं इतकं दुखत होतं. दीर, नणंद, मुलगा, सगळे नुसते एकमेकांकडे बघत होतो. मुलाच्या मित्राच्या आईकडून होम केअर टीमचा नंबर मिळाला आणि दोन दिवसांनी डॉक्टर, सिस्टर आणि एक व्हॉलंटियर काका घरी आले. करण्यासारखं पुष्कळ असतं हे मला त्या दिवसापासून कळायला लागलं. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या, ठरलेल्या वेळेला, दुखायची वाट न बघता द्यायच्या. त्याने पोट धरतं म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच. जखमेला वास यायचा, म्हणजे इतका की शेजारचे दारातूनच चौकशी करून जायचे, तर सिस्टरनी ड्रेसिंग करताना मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर घालायला शिकवलं आणि काही दिवसांत वास एवढा कमी झाला की नातवाला परत त्यांच्या जवळ बसवता आलं. नाकातल्या नळीने पेज, पातळ वरण, दूध कसं द्यायचं, पाठीला उशा लावून बसतं करायचं, सिरिंज घाईने दाबायची नाही, आधी आणि नंतर पाणी सोडून नळी साफ करायची, हे सगळं सिस्टरनी माझ्याकडून करून घेतलं. हे शेवटपर्यंत घरी राहिले आणि घरीच गेले, रात्री झोप लागत होती त्यांना, एवढं समाधान मला आहे आणि ते फार मोठं आहे.

तेरावा झाला, पाहुणे गेले आणि माझ्या डोक्यात एकच, मला या टीमबरोबर काम करायचंय. टीमच्या कोऑर्डिनेटर ताईंना फोन केला. त्यांनी अगदी मायेने पण स्पष्ट सांगितलं की आत्ता नाही. घरातलं माणूस गेल्यावर साधारण वर्षभर तरी पेशंटच्या घरी जायच्या कामाला घेत नाही, वर्षश्राद्ध होऊ दे, मग बोलू. तोवर महिन्यातून एकदा नातेवाइकांची मीटिंग असते तिला या, बोला किंवा नुसत्या बसा.

तेव्हा मला ते लागलं होतं, खरं सांगते. पण आज कोणी मला विचारलं तर मी या नियमाच्या पूर्ण बाजूने बोलेन. पहिलं वर्ष हे वेगळंच असतं. मृत्यूचा दाखला काढायचा, ऑफिसातून फंड आणि ग्रॅच्युइटीचे कागद, बँकेत नॉमिनी, आणि हे सगळं करताना मधेच कुठेतरी काउंटरवर ‘मयताचं नाव’ असं कोणी मोठ्याने विचारतं आणि हातपाय गळतात. पहिली दिवाळी, त्यांचा वाढदिवस, गणपतीत आरतीला त्यांचा आवाज नाही. माझं असं व्हायचं की रात्री ठरलेल्या वेळेला जाग यायची, गोळीची वेळ म्हणून. कोणी नुसतं खोकलं तरी जीव तुटायचा. अशा अवस्थेत मी दुसऱ्याच्या घरी गेले असते तर त्या कॉटवर मला आमचेच हे दिसले असते, तो माणूस दिसलाच नसता. काही संस्था एवढं कडक नसतात, माणूस बघून ठरवतात, पण थांबवणाऱ्या संस्थेचा राग धरू नका एवढंच माझं म्हणणं आहे.

नातेवाइकांच्या मीटिंगचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. तिथे कोणी ‘आता सावर स्वतःला’ म्हणत नाही. एक आजोबा यायचे, बायको गेलेली, ते प्रत्येक वेळी फक्त स्वयंपाकाबद्दल बोलायचे, आमटीला फोडणी कशी द्यायची, कणीक कशी मळायची, आणि सगळे त्यांना शांतपणे सांगायचे. बाहेर कोणाला वाटेल हे काय, पण ते बायकोबद्दलच बोलतायत हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

वर्ष झाल्यावर मुलाखत झाली. शिक्षण वगैरे कोणी विचारलं नाही. हे का करावंसं वाटतं, घरी कोणाची हरकत आहे का, रडू आलं तर तुम्ही काय करता, रात्री झोप लागते का, देवाधर्माबद्दल किंवा औषधांबद्दल तुमचं जे काही मत असेल ते पेशंटच्या घराबाहेर ठेवता येईल का, असे प्रश्न. मला विचारलं की तुमच्या मिस्टरांच्या आजारात तुम्हाला सगळ्यात जास्त राग कशाचा आला. मी बराच वेळ बोलले. नंतर कळलं की राग अजून किती ताजा आहे ते त्यांना बघायचं असतं, कारण तोच राग घेऊन माणूस दुसऱ्याच्या घरी गेला तर तिथल्या डॉक्टरांवर, नातेवाइकांवर काढतो.

मग ट्रेनिंग. त्यात थोडा इतिहास सांगितला आणि तो ऐकताना मला फार बरं वाटलं, कारण आपल्यासारखीच माणसं यात पहिल्यापासून आहेत. लंडनमध्ये सिसिली साँडर्स नावाच्या बाईंनी 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, हॉस्पिस म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घ्यायची जागा, आजच्या हॉस्पिसची सुरुवात तिथून धरतात. त्या आधी नर्स होत्या, मग हॉस्पिटलात समाजसेविका, त्या काळात डेव्हिड तास्मा नावाचा एक पोलिश पेशंट त्यांना भेटला, त्याला कॅन्सर होता, जवळचं कोणी नव्हतं, दोघांचा एकमेकांवर जीव जडला आणि 1948 मध्ये तो गेला. जाताना त्याने 500 पौंड त्यांच्यासाठी ठेवले, तुमच्या घरात माझी एक खिडकी असू दे म्हणून. तो गेल्यावर त्या दुसऱ्या एका हॉस्पिटलात संध्याकाळी मरणाच्या दारातल्या पेशंटकडे व्हॉलंटियर म्हणून जायला लागल्या, नंतर या कामासाठी डॉक्टर झाल्या. म्हणजे ज्यांच्यापासून हे सगळं सुरू झालं त्यासुद्धा जिवाचं माणूस गमावून व्हॉलंटियर झालेल्याच की.

आपल्याकडे भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला, शांती आवेदना सदन, 1986 साली, त्यांचं गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून आहे, तिथे पेशंट आणि सोबतच्या माणसाला मोफत ठेवून घेतात, घरी कशी काळजी घ्यायची ते शिकवतात. पण व्हॉलंटियरच्या बाबतीत बघावं ते केरळकडे. 1993 मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामासाठी संस्था काढली आणि पुढे मलप्पुरमकडे गावागावातल्या लोकांनीच हे काम अंगावर घेतलं, शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, घरच्या बायका, आठवड्यातून दोन तास द्यायचे, आपल्या गल्लीतल्या आजारी माणसाकडे जायचं, पैसेही लोकांकडूनच थोडे थोडे जमवायचे. 2008 मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं वेगळं धोरणच केलं. तिथे व्हॉलंटियरला 16 तासांचं शिकवणं आणि मग टीमबरोबर प्रत्यक्ष घरी जाणं अशी पद्धत बसवली, आमचं ट्रेनिंगही साधारण त्याच धर्तीवर होतं. आपल्याकडे वाडीत, चाळीत, सोसायटीत माणसं काही कमी नाहीत, कोणी गेलं की अर्ध्या तासात सगळी आळी जमते, तिरडीचं सामान कोण आणणार ते सांगावं लागत नाही. पण त्याच्या आधीचे जे तीन-चार महिने असतात त्यात कोणी फिरकत नाही, काय बोलायचं कळत नाही म्हणून. त्या महिन्यांत जायला माणसं तयार करायची एवढीच खरं तर ही गोष्ट आहे.

ट्रेनिंगमध्ये सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर गप्प बसणं. जोडीने बसवायचे, एकीने पेशंट व्हायचं, दुसरीने व्हॉलंटियर, आणि पेशंट म्हणाला ‘मी आता वाचणार नाही ना?’ की काय करायचं. आपण लगेच म्हणतो, असं बोलू नये, देव आहे, बरे व्हाल. म्हणजे त्या माणसाने मोठ्या हिमतीने उघडलेलं दार आपण धाडकन लावून घेतो. त्याऐवजी विचारायचं, असं का वाटतंय तुम्हाला, आणि मग ऐकायचं, मधे बोलायचं नाही. ‘मी समजू शकते’ म्हणायचं नाही. औषधाचा सल्ला द्यायचा नाही, अमक्या ठिकाणचा वैद्य, तमका काढा, काही म्हणजे काही नाही. गोळी हातात द्यायची नाही, ते काम घरच्यांचं नाहीतर सिस्टरचं. पैसे, साडी, नारळ घ्यायचा नाही, चहा प्यायला हरकत नाही, उलट गरीब घरात चहाला नाही म्हटलं की त्यांना लागतं. फोटो अजिबात नाही. एका घरातलं दुसऱ्या घरात बोलायचं नाही, आपल्या स्वतःच्या घरात तर नाहीच.

आणि आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांच्यासाठी, एक खास नियम. ‘आमच्या ह्यांना पण अस्संच झालं होतं’ हे वाक्य पेशंटच्या घरात उच्चारायचं नाही. मी विचारलं का, लोकांना धीर येईल ना. तर आमच्या काउन्सेलर म्हणाल्या, मग तो पेशंट लगेच विचारेल, आता कसे आहेत ते? काय सांगाल? ते ऐकून सगळी खोली गप्प झाली.

मग प्रत्यक्ष काम. सुरुवातीला नुसतं सिस्टरच्या मागे मागे जायचं, बॅग धरायची, बघायचं. पहिले काही महिने मला तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटकडे मुद्दाम पाठवलं नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, यादी बघून माझंच माझ्या लक्षात आलं. किडनी फेल झालेल्या आजी, अर्धांगाचे काका, गर्भाशयाच्या कॅन्सरच्या एक बाई, असं चाललं होतं. पॅलिएटिव्ह म्हणजे फक्त कॅन्सर नाही हेही तेव्हाच कळलं.

इथे मला जे मुख्य सांगायचंय ते सांगते. सगळ्यांना वाटतं आपण पेशंटसाठी जायचं. पेशंटकडे बघायला डॉक्टर असतात, सिस्टर असतात. आमच्यासारख्यांचा खरा उपयोग कॉटच्या शेजारी जे माणूस बसलेलं असतं त्याच्यासाठी आहे. बायको, सून, मुलगी, कधी म्हातारी आई. तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. तिला मी दारातून आत गेल्याबरोबर ओळखते. गाऊनवर ओढणी, केस दोन दिवसांचे, चहा करून देते आणि स्वतःचा कप ओट्यावर गार होत असतो. तिचं सगळं लक्ष आतल्या खोलीतल्या आवाजावर. हे मला कोणी शिकवलेलं नाही, हे मी जगलेय.

एक घर सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. डोंगरउताराची वस्ती, खालून पायऱ्या चढून जायचं, दहा बाय बाराची खोली, त्यात लोखंडी कॉट आणि एअर बेडचा पंप घूंऽऽ असा चालू. नवरा पन्नाशीचा, घशाचा कॅन्सर, श्वासासाठी गळ्याला भोक पाडलेलं त्यामुळे बोलता येत नाही, हातात मुलाची शाळेची पाटी. सिस्टरचं ड्रेसिंग झालं, पुढच्या घरी जायचं होतं. मी वहिनींना म्हटलं, तुमचं बाहेरचं काही काम राहिलंय का, मी बसते तासभर यांच्याजवळ, काही लागलं तर सिस्टर खालच्याच गल्लीत आहेत. त्या नको नको म्हणाल्या आणि मग एकदम म्हणाल्या, ताई मी नुसती अंघोळ करू का हो निवांत, डोक्यावरून. संडास-बाथरूम बाहेर सामायिक, त्यामुळे त्या नवऱ्याला एकटं सोडून कधी जास्त वेळ जातच नव्हत्या, दोन तांबे अंगावर घेऊन पळत परत. त्या गेल्या. मी कॉटजवळ स्टुलावर बसले. बराच वेळ दादांनी डोळे मिटलेले होते. मग पाटी घेतली, लिहिलं, ‘तिला माहीत नाही’. मी काहीच बोलले नाही. परत पुसून लिहिलं, ‘सांगू नका’. आणि माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली, म्हटलं, मी काही सांगणार नाही, तुम्हाला काय वाटतंय ते लिहा. तर त्यांनी मुलीच्या बारावीचं लिहिलं, गावच्या जमिनीतल्या हिश्शाचं लिहिलं, पाटी भरली की ओल्या फडक्याने पुसायचे आणि परत लिहायचे. वहिनी केस पुसत परत आल्या तेव्हा पाटी कोरी होती.

आणि गंमत म्हणू नये पण वहिनींनी जाताना पायऱ्यांपर्यंत सोडायला येऊन मला तेच सांगितलं, यांना अजून माहीत नाहीये हो, त्यांच्यासमोर काही बोलू नका. दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होते. असं अर्ध्याहून जास्त घरात बघते मी. अशा वेळी आपण मधे पडून काही फोडायचं नसतं, मी गाडीत आल्यावर टीमला सांगितलं, पुढच्या वेळी काउन्सेलर आल्या, आधी दोघांशी वेगवेगळं बोलल्या आणि मग एकत्र. त्यानंतर त्या दोघांनी जमिनीचं, मुलीच्या शिक्षणाचं, बँकेचं सगळं बोलून घेतलं. दादा त्यानंतर फार राहिले नाहीत, पण ते बोलणं झालं.

तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट जेव्हा पहिल्यांदा यादीत आला तेव्हा कोऑर्डिनेटर ताईंनी आदल्या दिवशी फोन करून विचारलं, नाही म्हणालात तरी चालेल. मी गेले. दारात गेल्यावर तोच वास, तीच नळी, खिडकीत तशाच ओळीने लावलेल्या सिरिंज. पोटात ढवळलं. पण मला आधीच सांगून ठेवलेलं होतं की अंगावर आलं तर सरळ पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर यायचं, सिस्टरला खूण करायची, कोणी काही विचारणार नाही. मी बाहेर आले, जिन्यात उभी राहिले, परत आत गेले. परतताना गाडीत सगळं बोलून टाकलं, रडले. आमच्याकडे गाडीतलं हे बोलणं कामाचाच भाग धरतात, कोणीही घरी तसंच मनात घेऊन जायचं नाही. नव्याने येणाऱ्यांना मी हेच सांगते की ज्या टीममध्ये व्हॉलंटियरचं कोणी ऐकून घेत नाही तिथे राहू नका, कितीही चांगलं काम असलं तरी.

मॉर्फिनबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. प्रत्येक घरात तेच. ही अफूची गोळी ना, सवय लागेल, शेवटचीच गोळी असते ना ही. आणि मग काय करतात, चार सांगितल्या तर दोनच देतात आणि माणूस रात्रभर तळमळतो. दुखणं असलेल्या माणसाला डॉक्टरांनी बसवलेल्या डोसमध्ये दिली तर त्याने माणूस लवकर जात नाही की व्यसनी होत नाही, हे सिस्टर घरोघरी समजावतात आणि आम्ही व्हॉलंटियर त्यांना ते समजावायला वेळ काढून देतो, म्हणजे सासूबाईंना दुसऱ्या खोलीत गप्पांत गुंतवून ठेवणं वगैरे. 1985 चा नार्कोटिक्सचा कायदा आला तेव्हापासून हे औषध ठेवायला इतकी लायसन्सं लागायची की बहुतेक हॉस्पिटलांनी ठेवणंच सोडून दिलं. 2014 मध्ये संसदेने तो बदलला, मान्यता मिळालेल्या संस्थांना ते सोपं केलं. तरी आजही तालुक्याच्या गावी मिळताना मारामार होते, पेशंटचे लोक त्या एका गोळीसाठी एसटीने पुणं-मुंबई करतात. हे मला बघवत नाही. ज्या औषधाने आमचे हे झोपू शकले ते औषध जिल्ह्या-जिल्ह्यात सहज मिळायलाच पाहिजे.

माझं स्वतःचं काम हळूहळू वेगळीकडेच वळलं. शाळेत क्लार्क असल्यामुळे फॉर्म, दाखले, झेरॉक्स, अर्ज यात माझा हात बसलेला. एका घरी असंच संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून दिला आणि मग सगळ्यांनी मलाच सांगायला सुरुवात केली. या योजनेत विधवांना तर मिळतंच पण कॅन्सरसारख्या आजाराच्या पेशंटलाही बसवता येतं, महिना 1500 रुपये, वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा तहसीलचा दाखला लागतो. दाखला मिळेपर्यंत माणूस राहत नाही बऱ्याचदा, म्हणून टीम पहिल्यांदा घरी जाते त्याच वेळी कागद बघायला घ्यायचे असं आता ठरवलंय. आधार आणि बँकेतलं नाव जुळतंय का, खात्याला नॉमिनी आहे का, हे नवरा सही करू शकतोय तोवर बघून घेतलं तर नंतर त्या बाईचे किती हेलपाटे वाचतात ते मला विचारा. कोणाला हे काम रुक्ष वाटेल. मला वाटत नाही. ज्यांना पेशंटजवळ बसणं झेपत नाही त्यांनी खुशाल हे करावं, फोन करणं, औषधांची यादी नीट लिहून देणं, एअर बेड एका घरातून दुसऱ्या घरात पोचवणं, हे पण पॅलिएटिव्ह केअरच आहे.

आणि माणूस गेल्यानंतरची भेट. पाहुणे जाऊन घर रिकामं झालं की दोन-तीन आठवड्यांनी आम्ही जातो. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या परत घ्यायच्या असतात, त्या घरात ठेवायच्या नसतात, एअर बेड न्यायचा असतो, ते एक निमित्त. त्या वेळी मी नेहमी जाते, कारण त्या वेळी घरातल्या बाईच्या मनात काय चाललेलं असतं ते मला माहितेय. थोडं इकडचं तिकडचं झालं की ती हळूच विचारते. त्या रात्री गोळी मीच दिली आणि पहाटे हे गेले, त्या गोळीने तर नाही ना? दीर म्हणतात हॉस्पिटलला ठेवलं असतं तर अजून जगले असते. शेवटी घशात घरघर होत होती, फार त्रास झाला असेल का हो त्यांना? सगळे म्हणत होते तोंडात पाणी घाल, सिस्टर म्हणाल्या होत्या नुसते ओठ ओले करा, मी पाणी घातलं नाही, तहानलेलेच गेले का? हे प्रश्न ती घरच्या कोणालाही विचारू शकत नाही, कारण विचारलं की घरात भांडण नाहीतर रडारड. मग सिस्टर तिला एकेक समजावून सांगतात, गोळी ठरलेलीच होती, ती घरघर म्हणजे घशात साठलेला पातळ स्राव असतो, ऐकणाऱ्यालाच त्याचा जास्त त्रास होतो, शरीर बंद होत आलं की तहान राहत नाही, पाणी घातलं असतं तर ठसका लागला असता.

आणि तेव्हा, तिने विचारलं तर, मी सांगते. की मीही अशीच बसले होते कॉटजवळ. मलाही त्या गोळीचं वाटलं होतं. पेशंट असताना जे वाक्य तोंडातून काढायचं नाही ते इथे चालतं, कारण आता ‘कसे आहेत ते’ हा प्रश्न येणार नसतो. एक मुलगी होती, वडील गेलेले, ती हे ऐकून नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, म्हणजे तुम्ही पण? आणि त्यानंतर ती जी बोलायला लागली ती आम्हाला पुढची एक व्हिजिट उद्यावर ढकलावी लागली. मला वाटतं आमच्यासारख्या माणसांची जागा खरी इथे आहे, डॉक्टर कितीही चांगले असले तरी हे त्यांच्याकडून होणार नाही आणि त्यांनी करावं अशी अपेक्षाही नाही.

ज्यांना यायचंय त्यांनी आपल्या शहरात कुठल्या हॉस्पिटलला पॅलिएटिव्ह विभाग आहे किंवा होम केअर टीम आहे ते आधी विचारा, काही जिल्हा रुग्णालयांतही हे सुरू आहे. जाताना एवढं विचारा की ट्रेनिंग देतात का, एकटीला घरात पाठवतात का, व्हॉलंटियरची मीटिंग होते का. आठवड्याचे दोन-तीन तास पुरतात, पण जो वार द्याल तो पाळा, पेशंट त्या वाराची वाट बघत असतात. आणि घरातल्या पुरुषांनाही सांगा प्लीज. आमच्याकडे बायकाच जास्त आहेत, आणि पुरुष पेशंटला अंघोळ घालायला, दाढी करायला, कॉटवरून उचलून खुर्चीत बसवायला, किंवा नुसतं शेजारी बसून मॅच बघायला माणूस मिळत नाही. बायको गेलेले, वडील गेलेले कितीतरी जण असतील ज्यांना हे सगळं करता येतं, त्यांनी घरी केलेलं असतं. सध्या आमच्याकडे बुधवारी सकाळी असा एकही माणूस नाहीये.